वयाच्या नावावर खपवू नकोस

नागपूर,
कोजागिरीनंतरचा मंगळवार

प्रिय ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आता काय, वय झालं. चाळिशी उलटली की हाडं बोलणारच." आणि त्याच दमात गोळ्या बंद केल्याचंही सांगून टाकलंस. गोळीनं मळमळतं, दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, आणि वयाला कुठं औषध असतं! मी तेव्हा गप्प बसले, कारण फोनवर तू "हो, हो" म्हणतेस आणि गॅसवर भात ठेवलाय म्हणून फोन ठेवून देतेस. पत्र तुला असं ठेवून देता येणार नाही. शिवाय हे पत्र मी तुला न विचारता छापायला देते आहे. रागावशील, रागाव. सालेकसा तालुक्यात, आमगावात, देवरीत तुझ्यासारख्याच हात आखडलेल्या बाया आहेत. त्यांनाही कुणीतरी "वय झालं" असं सांगून घरी पाठवलंय. त्यांनीही हे वाचावं.

तुझं वय 41. आपल्या आजीनं साठी ओलांडल्यावरही रोवणी केली, चिखलात वाकून, गाणं म्हणत. तुझ्या हातातून पऱ्ह्याची मूठ सुटायला लागली ती मागच्या पावसाळ्यात. आधी तू म्हणालीस, थंड पाण्यात हात राहिले म्हणून. मग म्हणालीस, पेंढ्या बांधून बांधून. दिवाळीला कासारीण आली तेव्हा नेहमीच्या मापाच्या बांगड्या हातात चढेनात, तेव्हा म्हणालीस, अंगानं भरले. कारण दर वेळी नवं होतं आणि दर वेळी ते खरं वाटावं असंच होतं. दुखणं मात्र तेच होतं, आणि दोन्ही हातांत सारखंच होतं.

इथं नागपुरात डॉक्टरांनी काय केलं ते आठवतं ना? आधी रिपोर्ट मागितलेच नाहीत. तुझा हात हातात घेतला आणि बोटं जिथं तळव्याला जोडलेली असतात ती सांध्यांची ओळ दोन्ही बाजूंनी अलगद दाबली. तू ओरडली नाहीस, पण डोळे गच्च मिटलेस आणि खांदा आपोआप मागे गेला. मग त्यांनी नखांजवळचे सांधे दाबले. तिथं काहीच नाही. मग एकच प्रश्न, "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?" तू म्हणालीस, "चहा होतो, भाकरी होतात, पोरं शाळेत जातात, तेव्हा कुठं मोकळी होतात." रक्ताचे रिपोर्ट त्यानंतर पाहिले. त्यात अँटी-सीसीपी नावाची प्रतिपिंडं भरपूर होती. निदान झालं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात.

याच्या शेजारी तुझ्या सासूबाईंचा गुडघा ठेवून बघ. त्यांना सकाळी दहा मिनिटं जड वाटतं, मग बरं. दुखतं ते संध्याकाळी, चालून आल्यावर, कचारगडाच्या पायऱ्या चढल्यावर. ती गुडघ्यातल्या कूर्चेची झीज आहे, आणि तिचा वयाशी खरंच संबंध आहे. तुझं दुखणं उलटं चालतं, विश्रांती घेतली की वाढतं आणि हात चालू लागले की हळूहळू सैल होतं. दोन्हींना आपण घरात "वात" म्हणतो आणि दोन्हींना एकच तेल चोळतो. तुझं एक वर्ष त्या तेलात गेलं.

ही तक्रार किती जणींची आहे, याचा अंदाज घ्यायला महाराष्ट्रातलंच एक गाव आहे. पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी भिगवण आहे. 1996 मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं घरोघरी जाऊन विचारलं, काय दुखतं, कुठं दुखतं, किती दिवस. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून आखलेली ही पाहणीची पद्धत, कॉपकॉर्ड तिचं नाव. सुमारे 4000 प्रौढ माणसं तपासली गेली. त्यांच्यातल्या जवळपास 18 टक्के लोकांना सांध्यांचं, स्नायूंचं किंवा हाडांचं काही ना काही दुखणं होतं. झिजेचा विकार 5 ते 6 टक्क्यांना, आणि तुझा आजार अर्ध्या टक्क्याला, म्हणजे दोनशे प्रौढांमागे एकाला. त्याच प्रमाणानं धरलं तर दोन हजार प्रौढांच्या गावात असे दहा जण निघतील. त्यांत बाया पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. आता सांग, तुमच्या गावात असे दहा जण कुणाला माहीत आहेत का? नाहीत, कारण ते सगळे वयाच्या खात्यावर जमा आहेत.

वय हा शब्द तू काढलाच आहेस, तर आपण वयाविषयीच बोलू. कारण तुझ्या म्हणण्यात एक कण खरा आहे. तो नेमका कुठला, हे कळलं तर गोळ्या कशासाठी, तेही कळेल.

माणसाच्या शरीराचं वय एक, आणि पेशींचं वय वेगळं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांची समजूत होती की शरीराबाहेर काढून नीट खायला घातलं तर पेशी कायम विभागत राहतात. ॲलेक्सिस कॅरेल या नोबेल मिळवलेल्या शल्यवैद्यानं 1912 मध्ये कोंबडीच्या हृदयातल्या पेशी वाढवायला घेतल्या होत्या आणि त्या अमर आहेत असा बोलबाला होता. 1961 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी साधारण पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. त्या मरत नाहीत. जिवंत राहतात, खातात, पण पुन्हा विभागत नाहीत. पेशीचं म्हातारपण म्हणतात ते हे.

पेशी मोजते कशी, हे नंतर कळलं. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमियर नावाचा भाग असतो, एकच छोटा क्रम पुन्हा पुन्हा आलेला. दर विभागणीला तो थोडा आखूड होतो. फारच आखूड झाला की पेशी विभागणं थांबवते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी हा क्रम 1978 मध्ये शोधला तो टेट्राहायमेना या एकपेशीय जिवात, जो आपल्या बोडीसारख्या साचलेल्या पाण्यात राहतो. ही टोकं पुन्हा लांबवणारं विकर त्यांना आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर यांना 1984 मध्ये सापडलं. 2009 चं नोबेल दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं. मी वर्गात हा धडा शिकवते तेव्हा मुली पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, मग म्हातारपण थांबवता येईल का?" तुझ्या आजाराशी संबंधित प्रश्न वेगळा आहे. म्हातारपण वेळेआधी येऊ शकतं का?

येऊ शकतं. आणि ते जिथं आलेलं आधी दिसलं, ती जागा सांधा नव्हती, रक्त होतं. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती जोमात असते आणि टी पेशी तयार करून रक्तात सोडते. वयात आल्यावर ती आक्रसत जाते. त्यापुढे शरीराला टी पेशींची संख्या राखायची तर असलेल्या पेशींनाच विभागावं लागतं, आणि प्रत्येक विभागणीला टोकं आखूड होतात. कॉर्नेलिया वायंड आणि यॉर्ग गोरोन्झी या संशोधकांनी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या रुग्णांच्या टी पेशी तपासल्या. 2000 च्या आसपास त्यांनी मांडलं की या रुग्णांत थायमसकडून नव्यानं आलेल्या टी पेशी वयाच्या मानानं फार कमी आहेत आणि टेलोमियर आखूड आहेत. तिशीतल्या माणसाच्या टी पेशी पन्नाशीतल्या वाटाव्यात, इतकं अंतर. आणि हे केवळ वर्षानुवर्षं दुखणं सोसलेल्यांतच होतं असं नाही.

मग कोंबडी आधी की अंडं? आजारानं पेशी थकल्या, की थकलेल्या पेशींमुळे आजार झाला? याच गटानं पुढे एक चांगली तपासणी केली. आमवाताचा धोका वाढवणारं एक जनुक असतं, एचएलए-डीआर४. ते ज्यांच्यात आहे पण ज्यांना आजार अजिबात नाही, अशा निरोगी माणसांचे टेलोमियर मोजले. तेही आखूड निघाले. म्हणजे पेशींचं हे लवकर येणारं वय काही अंशी आजाराच्या आधीपासूनच असतं. नंतर असंही दिसलं की रुग्णांच्या टी पेशींत डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारं एटीएम हे प्रथिनच कमी असतं, म्हणून झालेलं नुकसान साठत जातं.

टी पेशी म्हातारी झाली की ती गुपचूप बसत नाही, हे इथलं खरं दुखणं आहे. तरुण टी पेशीच्या अंगावर सीडी२८ नावाचा एक रेणू असतो. दुसऱ्या पेशीकडून नीट होकार आल्याशिवाय कामाला लागायचं नाही, हा शहाणपणा त्यातून येतो. म्हाताऱ्या टी पेशी तो रेणू गमावतात. मग त्या थोड्याशा कारणानं चवताळतात, दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात, आणि वेळेवर मरतही नाहीत. आपलं आणि परकं यातली ओळख पुसट व्हायला एवढं पुरतं.

सांध्यात काय होतं ते बघ. सांध्याच्या आतल्या बाजूला एक पातळ अस्तर असतं, जेमतेम दोन-तीन पेशींच्या जाडीचं. तुझ्या बोटांत ते फुगून अनेक थरांचं झालं आहे. त्याची जीभ कूर्चेवर चढते, मग हाडाच्या कडेला शिरते आणि तिथं खाच पाडते. एक्स-रेवर डॉक्टरांनी पेनच्या टोकानं दाखवली ती अशी खाच, मधल्या बोटाच्या मुळाशी. या अस्तरातल्या पेशींतही म्हातारपणाच्या खुणा सापडतात. टीएनएफसारखी दाहक द्रव्यं त्या पेशींना सतत लागत राहिली की त्या विभागणं सोडतात आणि स्वतःच इतर दाहक द्रव्यं आणि कूर्चा विरघळवणारी विकरं सोडू लागतात. म्हाताऱ्या पेशींच्या या स्रावाचं पहिलं सविस्तर वर्णन 2008 मध्ये जुडिथ कँपिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यातली वाईट गोष्ट अशी की हा स्राव शेजारच्या धडधाकट पेशींनाही म्हातारं करतो.

हे तुला माझ्यापेक्षा चांगलं समजेल, कारण तू दरवर्षी बांधीत बघतेस. धान पोटरीवरून निसवलं की मधेच एक गोल पट्टा पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि दर दिवशी बाहेरच्या बाजूनं वाढतो. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, चला, धान पिकायला लागलं. तू मात्र बांधावरून खाली उतरतेस, बुंधा हलवतेस आणि पाण्याजवळ बसलेले तुडतुडे बघतेस. लोंबी चोळून पाहतेस, आत दाणा नसतो. तेव्हा तू "धानाचं वय झालं" म्हणून घरी जात नाहीस. पाणी काढतेस, फवारणीचं बघतेस, कारण पट्टा आज आवरला नाही तर आठवड्यात बांधी जाते. तुझ्या हाताकडे लोक रस्त्यावरून बघताहेत. तू तरी बुंधा हलवून बघ.

वय नावाचा जो कण तुझ्या म्हणण्यात खरा आहे, तो हा. तुझ्या काही पेशींचं वय खरंच पुढे गेलंय. पण ते तुझ्या 41 वर्षांनी नेलेलं नाही. दाहानं नेलंय, आणि दाह कमी करता येतो. त्यातलं थोडं परतही येतं. टीएनएफ रोखणारी औषधं घेणाऱ्या रुग्णांच्या टी पेशींवर तो हरवलेला सीडी२८ रेणू काही प्रमाणात पुन्हा दिसायला लागतो, असं तपासण्यांत आढळलं आहे. सगळं पूर्ववत होतं असं मी म्हणत नाही. हाडाला पडलेली खाच भरून येत नाही. म्हणूनच नवी पडू द्यायची नाही.

आणि हे बोटांपुरतं राहत नाही. दाह रक्तातून सगळीकडे फिरतो. इटलीच्या क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी 2000 मध्ये म्हातारपणासोबत अंगात राहणाऱ्या या मंद, न शमणाऱ्या दाहाची कल्पना मांडली. आमवातात तो तरुणपणीच सुरू होतो. त्यामुळे या रुग्णांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो, हाडं लवकर ठिसूळ होतात, स्नायू झडतात, रक्त कमी होतं. तुला दुपारी जो थकवा येतो, ज्याला सगळे आळस म्हणतात, तोही यातूनच येतो. गोळी बंद करताना तू फक्त बोटांचा हिशेब केलास.

मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तुझा सोमवार ठरला होता, सोमवारच ठेव. ही रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून डबीवर मोठ्या अक्षरांत "फक्त सोमवार" लिही आणि भाऊजींना, पोरीलाही दाखवून ठेव. मळमळ होते ती खरी आहे, तू नाटक करत नाहीस. तिला उपाय आहेत. रात्री जेवणानंतर घेणं, मात्रा विभागणं, फॉलिक ॲसिडची गोळी सांगितलेल्या दिवशी न चुकता घेणं, आणि तरीही जमलं नाही तर इंजेक्शन. यातलं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरव, मनानं नको. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तू ती सोडलीस तेव्हा गुण यायची वेळ जवळ आली होती.

या गोळीची कुळकथा तुला आवडेल. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रातल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण त्याचं काम अडवणारी द्रव्यं बनवली. 1948 मध्ये सिडनी फार्बर यांनी त्यातलं एक रक्ताच्या कर्करोगानं आजारी मुलांना दिलं, आणि काही काळापुरता का होईना, आजार मागे हटला. सुब्बाराव त्याच वर्षी गेले. 1951 मध्ये त्याच घराण्यातलं औषध आमवाताच्या रुग्णांवर वापरलं गेलं, आणि 1988 मध्ये अमेरिकेत मेथोट्रेक्झेटला या आजारासाठी अधिकृत मान्यता मिळाली. आमवातात ती कर्करोगापेक्षा कितीतरी कमी मात्रेत देतात. तेव्हा शेजारणीनं "ही तर कॅन्सरची गोळी" म्हणून तुला घाबरवलं, ते अर्धंच खरं आहे. ही गोळी आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि महागही नाही. तिच्यासोबत ठरावीक अंतरानं रक्त आणि यकृत तपासावं लागतं. गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दर वेळी नागपूरला येण्याची गरज नाही, आमगाव ओलांडून गोंदियापर्यंतची गाडी तुला पाठ आहे. आणि थंडीत "औषध म्हणून" घेतला जाणारा मोहाचा घोटही या गोळीबरोबर नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

दोन गोष्टींपासून लांब राहा. एक, त्या पुड्या. बाजारात मिळतात त्या, बिनानावाच्या, ज्यांनी दुसऱ्याच दिवशी हात मोकळे होतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. मोजून, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड वेगळं. न मोजता महिनोन्महिने घेतलेलं हाडं पोकळ करतं, साखर वाढवतं, आणि आतली खाच वाढतच राहते. दुसरी गोष्ट, मोबाईलवर फिरणाऱ्या "पेशी तरुण करा" या जाहिराती. म्हाताऱ्या पेशी वेचून काढणारी औषधं शोधण्याचं काम खरंच चालू आहे. 2017 मध्ये उंदरांच्या जखमी गुडघ्यातल्या अशा पेशी काढल्यावर झीज कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं, आणि जगभर आशा वाढली. त्याच वाटेनं बनवलेलं एक औषध अमेरिकेत गुडघ्याची झीज झालेल्या माणसांना टोचून पाहिलं. 2020 मध्ये निकाल आला: साध्या, औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला नाही. उंदराच्या गुडघ्याकडून सासूबाईंच्या गुडघ्याकडे यायला अजून वेळ आहे. ज्याला ती वाट आजच सापडली आहे, तो एक तर खोटं बोलतो किंवा गोळ्या विकतो.

भाऊजींना सांग, तुझ्या समोर बिडी नको. धूम्रपान हे या आजाराचं बाहेरून येणारं सगळ्यात ठळक कारण आहे, आणि ज्यांच्यात ते एचएलए-डीआर४ जनुक आहे त्यांना ते अधिक भोवतं. आणि खर्रा. तू खात नाहीस, पण पोरगा आता दहावीला आहे आणि त्याच्या खिशात मला पन्नीचा तुकडा दिसला होता. खर्ऱ्यानं हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांचा जुना आजार आणि आमवात यांचं नातं संशोधकांनी तपासलं आहे. हिरड्या सुजवणारा एक जिवाणू प्रथिनांत नेमका तोच बदल घडवतो, ज्याच्याविरुद्ध तुझ्या रक्तात प्रतिपिंडं आहेत. आजार तुझ्या रक्तातून त्याच्याकडे जाईलच असं नाही, बहुतेक जातही नाही. पण रक्तानं थोडा धोका दिलाच असेल, तर त्यात खर्ऱ्याची भर कशाला?

त्याच पोराबद्दल आणखी एक. मागच्या हिवाळ्यात त्याचे हातपाय दुखले, ताप आला, आणि तू म्हणालीस, "माझाच वात लागला वाटतं." आपल्या पूर्व विदर्भात पोरांचे सांधे दुखले की सिकलसेलची तपासणी आधी करायची. नागपुरात शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली होती, आणि 1 जुलै 2023 पासून त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. साधी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेलमधली दहा-वीस दिवस. तिथंही पेशीच वेळेआधी जाते, पण कारण वेगळं, औषध वेगळं. बोटातून थेंबभर रक्त द्यायचं असतं. ते पुढे ढकलू नकोस.

आता रोवणीबद्दल, कारण तुझा खरा राग तिथं आहे. पुढच्या वर्षी बांधीत उतरायचं नाही असं मी म्हणत नाही. दाह आटोक्यात आला तर तू उतरशील. सांधे सुजलेले असताना ओढून काम करायचं नाही, आणि सूज नसताना पडूनही राहायचं नाही. रोज कोमट पाण्यात बोटं उघड-मीट करायची, चालायचं, स्नायू राखायचे. पिळे घालणं, हंडा बोटांच्या टोकांवर उचलणं, विहिरीचा दोर ओढणं ही कामं दुसऱ्यांनी करायची. घरात पोरगा आहे, भाऊजी आहेत, दोघांनाही दोन-दोन हात आहेत. धुणं पिळायला ते हात लागतात, हे त्यांना माझ्या नावानं सांग.

गोळी परत सुरू करण्याआधी मात्र एकदा डॉक्टरांना भेट, मधे खंड पडला आहे म्हणून. येत्या सोमवारच्या आत जा. रक्ताचा रिपोर्ट घेऊन जा आणि मळमळीचं लपवू नकोस. मी मंडईच्या जत्रेला येतेच आहे, दंडारीचा खेळ बघायला तुझ्याशेजारी बसेन, तेव्हा डबीतल्या गोळ्या मोजेन.

आणि तुझ्या बचत गटात जी कुणी "वय झालं" म्हणेल, तिला तीन प्रश्न विचार. सकाळी बोटं किती वेळ आखडतात? अर्ध्या-एक तासापेक्षा जास्त असेल तर पुढचं विचार. दोन्ही हातांत सारखंच दुखतं का? सांधा नुसता दुखतो की सुजतोही? तिन्हींची उत्तरं तुझ्यासारखी आली तर तिला तेल देऊ नकोस. सालेकसाच्या ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी काढून दे आणि गोंदियाच्या गाडीत बसव. पहिले तीन ते सहा महिने सगळ्यात मोलाचे असतात, त्या काळात औषध लागू झालं तर खाचा पडण्याआधीच आजार धरता येतो. तुझे ते महिने गेले. तिचे जाऊ नयेत, एवढं तू करू शकतेस. त्यासाठी बोटं वळावी लागत नाहीत.

सासूबाईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. भाऊजींना हे पत्र वाचायला दे, मधला बिडीचा परिच्छेद न वगळता.

तुझीच,
धाकटी